अंथरूण आणि पांघरूण

वैशाख सरत आला, की आमच्या किहीम गावात दरवर्षी एक दृश्य हटकून पाहावयास मिळते. नारळी-पोफळींच्या वाड्यांमधून समुद्राकडे जाणाऱ्या वाटेने तुम्ही चालू लागलात, तर दोन्ही बाजूंच्या अंगणांत, ओट्यांच्या कठड्यांवर आणि कुंपणांवर गाद्या, उशा, गोधड्या, चादरी उन्हात पसरलेल्या दिसतील. कोणी हातात काठी घेऊन गादी झोडपीत असते. कोणी उशांचे अभ्रे काढून त्या उलटसुलट करीत असते. आगोटीसाठी जशी सुकी मासळी, मसाला, सरपण यांची बेगमी करावयाची, तशीच पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी घरातील अंथरुणांनाही ऊन दाखवावयाचे, अशी आमच्याकडील जुनी रीत आहे.

किहीम हे अलिबागच्या उत्तरेस दहा-बारा किलोमीटरांवर, अगदी समुद्रकाठी वसलेले गाव. येथे वर्षाकाठी सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. शिवाय वाऱ्याबरोबर समुद्राचे खारे तुषार येतात. मिठाची बरणी पावसाळ्यात पाणावते, हे तुम्ही घरी पाहिले असेलच. कापडात मुरलेले मीठही तसेच हवेतील ओल ओढून घेते. म्हणून ज्याला या किनाऱ्यावर सुखाने निजावयाचे आहे, त्याला अंथरुणाचे शास्त्र थोडेफार शिकावेच लागते. ते शास्त्र मी माझ्या आजीकडून शिकलो. शाळेच्या पुस्तकांतून त्याची कारणे मला पुष्कळ उशिरा समजली.

मुलांनो, तुम्हांला वाटत असेल, की पांघरूण आपल्याला ऊब देते. वस्तुतः पांघरुणाजवळ द्यावयाला स्वतःची ऊब मुळीच नसते. पेटीत घडी करून ठेवलेल्या घोंगडीला हात लावून पाहा. ती थंडच लागेल. ऊब असते ती आपल्या शरीराची. निरोगी माणसाच्या शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. बाहेरची हवा त्याहून थंड असली, की ही उष्णता अंगातून बाहेर पडू लागते. पांघरूण तिला अडवून धरते, आणि तेही कापडाच्या जोरावर नव्हे, तर कापडाच्या आत कोंडलेल्या हवेच्या जोरावर. स्थिर हवेतून उष्णता फार मंदगतीने पलीकडे जाते. कापसाच्या तंतूंमध्ये, लोकरीच्या कुरळ्या केसांमध्ये आणि कापडाच्या दोन थरांमध्ये जी हवा अडकून राहते, तीच आपले खरे पांघरूण होय. एका जाड, घट्ट कापडापेक्षा दोन-तीन पातळ पांघरुणे एकावर एक घेतली, तर बहुधा अधिक ऊब येते. कारण त्यांच्यामध्ये हवेचेही थर तयार होतात. शिवाय मध्यरात्री उकडू लागले, तर त्यांतील एक बाजूला सारता येते. जाड रजई घेणाऱ्याला मात्र एकतर घामाघूम व्हावे लागते, नाहीतर कुडकुडावे लागते.

याच्या उलट पाण्याचे. पाण्यातून उष्णता हवेच्या २० पटींहून अधिक सुलभतेने वाहून जाते. याचा पडताळा घरातील मोठ्या माणसांच्या मदतीने सहज घेता येईल. सारख्या आकाराच्या दोन तांब्यांत सारखेच गरम पाणी घ्या. एकाला कोरडे फडके गुंडाळा आणि दुसऱ्याला तेवढेच ओले. पंधरा मिनिटांनी दोन्ही तांब्यांतील पाण्याला बोट लावून पाहा. ओल्या फडक्याचे पाणी किती लवकर निवले, ते तुमच्या ध्यानात येईल. ओल्या अंथरुणात निजलेल्या माणसाची स्थिती त्या दुसऱ्या तांब्यासारखी होते.

आता अंथरुणाची रचना खालून वर पाहत जाऊ.

माझ्या लहानपणी आमच्या घरात शेणाने सारवलेली जमीन होती. पावसाळ्यात तिला ओल येई. म्हणून आजी सर्वांत खाली शिंदीच्या पात्यांची चटई अंथरी. चटई ऊब देण्यासाठी नसून ओल अडविण्यासाठी असते. तिच्यावर सतरंजी, सतरंजीवर गादी किंवा जाडसर गोधडी, तिच्यावर धुतलेली चादर आणि उशाशी उशी, असा हा क्रम. आजोबांसाठी मात्र सुंभाने विणलेली बाज होती. नारळाच्या सोडणापासून काढलेल्या काथ्याचा दोर म्हणजे सुंभ. बाजेच्या खालून हवा खेळती राहते, जमिनीची ओल वर येत नाही आणि पावसाळ्यात विंचू-किरडूंचे भयही कमी होते. उन्हाळ्यात त्याच बाजेवर नुसती एक चादर टाकून आजोबा अंगणात निजत. एकाच बाजेचा ऋतूप्रमाणे असा दुहेरी उपयोग होई.

गादीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. नव्या गादीत कापूस फुललेला असतो, म्हणजेच त्यात हवा भरपूर असते. रोजच्या वजनाने आणि घामाने तो दबत जातो, त्याचे गोळे होतात आणि गादी दगडासारखी टणक बनते. आपण निजलेलो असताना श्वासातून आणि त्वचेतून मिळून एका रात्रीत पेलाभर तरी पाणी शरीराबाहेर जाते, आणि त्यातील काही भाग अंथरुणात मुरतो. अशी गादी दुरुस्त करावयास पूर्वी दारी पिंजारी येत असे. खांद्यावर मोठ्या धनुष्यासारखी त्याची धनुकली असे. तिची तात कापसात धरून तो लाकडी ठोकळ्याने तिच्यावर आघात करी, आणि त्या टणत्काराबरोबर कापसाचे तंतू सुटे होऊन बर्फासारखे उडत. आम्ही मुले तोंडावर फडके धरून तासन्‌तास ते पाहत बसत असू. एकदा आजीने त्याला विचारले, “चाचा, एवढ्याच कापसाची गादी पुन्हा एवढी उंच होईल का हो? नवा कापूस घालावा लागेल?” तो हसून म्हणाला, “काकू, कापूस कुठं जात नाही. त्यातली हवा जाते. ती मी परत भरून देतो.” पुढे अनेक वर्षांनी वर्गात उष्णतेचे वहन शिकविताना मी त्याचे हे वाक्य मुलांना हटकून सांगत असे. आता पिंजण्याचे काम बहुतेक ठिकाणी यंत्रावर होते, आणि तो आवाज क्वचितच ऐकू येतो.

उशीसाठी आमच्याकडे सावरीचा कापूस वापरीत. काटेसावरीचे झाड तुम्ही पाहिले असेल. माघ-फाल्गुनात त्याची सगळी पाने झडलेली असतात आणि फांद्यांवर मोठमोठी लाल फुले येतात. पुढे चैत्र-वैशाखात त्याची बोंडे फुटून रेशमासारखा कापूस वाऱ्यावर उडू लागतो. या कापसाचे तंतू इतके आखूड आणि गुळगुळीत असतात, की त्यांचे सूत निघत नाही. परंतु ते अत्यंत हलके असल्यामुळे उशीत भरण्यास फार उत्तम. भरताना अभ्रा घट्ट विणीच्या कापडाचा हवा, नाहीतर तो कापूस शिवणीतून बाहेर येऊन रात्रभर नाकाशी खेळत राहतो!

परंतु आमच्या घरातील अंथरुणांत मानाचे स्थान होते ते गोधडीला. गोधडी, वाकळ, लेपडे अशी तिची नावे प्रांताप्रांतांत बदलतात. जीर्ण झालेली लुगडी, धोतरे, चादरी यांचे थर एकमेकांवर पसरून, ते धावदोऱ्याने शिवून ती तयार होते. यातील एक साधे गणित आजीने मला समजावून दिले होते. नऊवारी लुगड्याची लांबी ९ वार, म्हणजे सुमारे ८.२ मीटर. त्याच्या लांबीच्या चार सारख्या घड्या केल्या, की प्रत्येक घडी दोन मीटरांहून किंचित अधिक भरते. म्हणजे एकाच लुगड्यात एका माणसाच्या अंथरुणाचे चार थर आपोआप मिळतात! शाळा न पाहिलेल्या आजीला हा हिशेब बोटांच्या अग्रांवर अवगत होता.

गोधडी शिवण्याचे काम आजी भाताची कापणी आणि झोडणी आटोपल्यावर हाती घेई. प्रथम ओटी स्वच्छ झाडून तीवर सर्वांत धड असलेले कापड अस्तर म्हणून पसरावयाचे. त्यावर फाटक्या कापडांचे तुकडे असे मांडावयाचे, की एका थरातले भोक दुसऱ्या थराने झाकले जावे आणि कोठेही उंचवटा किंवा खळगा राहू नये. सर्वांत वर पुन्हा एक चांगले कापड. मग सगळे थर सरकू नयेत म्हणून लांब लांब कच्चे टाके घालावयाचे. त्यानंतर खरी शिवण सुरू होई. आजी कडेने आरंभ करी आणि चारी बाजूंनी फिरत फिरत, बोटभर अंतरावर टाक्यांची एकेक ओळ घालीत मध्याकडे येई. शेजारच्या दोघी-तिघी जणी वेगवेगळ्या कडा धरून बसत. एक गोधडी पुरी व्हावयास कित्येक दुपारी लागत. टाके जवळजवळ असले, तर थर घट्ट बसतात आणि गोधडी दीर्घकाळ टिकते. फार जवळ घातले, तर मात्र आतली हवा दबून ती कडक होते. हे प्रमाण सांभाळणे, ही त्यातील कला होय.

आणि ती केवळ उपयोगाची वस्तू नव्हती. वरच्या थरासाठी ठिगळे निवडताना आजी पुष्कळ वेळ घालवी. हिरव्या इरकलीशेजारी जांभळा तुकडा बरा दिसतो, की कुंकवाच्या रंगाचा, यावर बायकांचा वाद चाले. कडेला लुगड्याचा काठ लावावयाचा आणि मध्ये चौकटी साधावयाच्या. शेवटी पोथीच्या पानासारखी एकसारखी घडी पडली पाहिजे, हा तिचा आग्रह. ज्या घरात नवे कापड वर्षातून एकदा येई, त्या घरातील सौंदर्यदृष्टी या जुन्या तुकड्यांतून प्रकट होत असे. आज मोठ्या शहरांतील दुकानांत अशी गोधडी महाग किमतीला विकली जाते. ती पाहून मला आनंद होतो; परंतु नवे कापड मुद्दाम फाडून केलेल्या गोधडीला जुन्या लुगड्याचा मऊपणा येत नाही, असे माझे मत आहे. तो मऊपणा शेकडो धुण्यांनी येतो.

ही विद्या केवळ महाराष्ट्राची नव्हे. बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी या हिच्याच बहिणी आहेत. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्याच्या अरण्यभागात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या स्त्रिया ‘कवंदी’ नावाच्या गोधड्या शिवतात. त्याही एका कोपऱ्यापासून आरंभ करून कडेकडेने मध्याकडे येतात, आणि शेवटी चारही कोपऱ्यांवर त्रिकोणी तुकड्यांची ‘फुला’ लावतात. ती लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली, असे त्या मानीत नाहीत.

गोधडीच्या वर पांघरावयाला दोन वस्तू घाटावरून आमच्याकडे येत. एक सोलापुरी चादर. तेलंगणातून सोलापुरास येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांनी हा धंदा वाढविला. त्या चादरीवरील नक्षी ज्या जॅकार्ड यंत्राने विणली जाते, त्याचा शोध जोसेफ मारी जॅकार्ड या फ्रेंच माणसाने १८०४ च्या सुमारास लावला. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून कोणता धागा उचलावयाचा आणि कोणता खाली ठेवावयाचा, हे त्या यंत्राला कळते. सोलापुरी चादरीची नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते. एका बाजूला फुलाला जो रंग असतो, तो दुसऱ्या बाजूला पार्श्वभूमीला येतो. त्यामुळे ती कशीही पांघरली तरी शोभून दिसते. आता या चादरीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

दुसरी वस्तू म्हणजे घोंगडी. दख्खनच्या पठारावरील मेंढ्यांची भरड लोकर कातून ती खड्ड्याच्या मागावर विणतात आणि ताण्याला चिंचोक्यांची खळ देतात. घोंगडी अंगाला टोचते, म्हणून मुलांना ती आवडत नाही. पण तिचा एक गुण असा, की लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल शोषूनही हाताला फारशी ओली लागत नाही, आणि भिजली तरी थोडीफार ऊब राखते. कापसाला हे साधत नाही. मेंढपाळ भर पावसात घोंगडी डोक्यावर घेऊन उभा राहतो, त्याचे रहस्य हेच.

या सगळ्या वस्तूंची आमच्या घरात एकदा कठोर परीक्षा झाली. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ आमच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन थडकले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरांहून अधिक होता. दुपारी आमच्या घराची कौले एकामागून एक उडू लागली. वाडीतील नारळी-पोफळी आडव्या झाल्या. माणसे सुखरूप राहिली, हे भाग्य. परंतु माजघरात जो पाऊस शिरला, त्याने घरातील एकूण एक अंथरूण भिजले. संध्याकाळी वारा उतरला तेव्हा घरात सहा माणसे होती. त्यांत एक तीन वर्षांची नात आणि एक पंच्याऐंशी वर्षांची माझी आई. वीज गेली होती. ती पुढे कित्येक दिवस आली नाही.

त्या रात्री दोघींना कोरडे कशात निजवावयाचे, हा एकच प्रश्न आमच्यापुढे होता. कापसाच्या दोन गाद्या पाणी पिऊन इतक्या जड झाल्या होत्या, की दोघांना त्या उचलवेनात. बाजारातून आणलेली फोमची गादी पिळता येईना. दाबावे तेवढे पाणी तिच्यातून निघे आणि पुन्हा आत असेच. शेवटी आठवण झाली ती आजीच्या गोधड्यांची. चौघांनी मिळून एकेक गोधडी दोन्ही टोकांना धरून पिळली, आणि मागच्या पडवीत जेथे छप्पर शाबूत होते, तेथे चुलीच्या वर दांडीवर टाकली. मध्यरात्रीपर्यंत त्यांतील एक बरीचशी सुकली. पेटीच्या तळाशी असलेली घोंगडी थोडी दमट होती. तीच आईच्या अंगावर घातली. “टोचते गं बाई,” असे एकदा म्हणून ती स्वस्थ झोपी गेली. नात माझ्या पत्नीच्या कुशीत, अर्ध्या सुकलेल्या गोधडीत होती. आम्ही बाकीचे चुलीभोवती बसून राहिलो.

पुढे पाऊस सुरू झाला आणि त्या कापसाच्या गाद्या काही केल्या सुकल्या नाहीत. आठ दिवसांत त्यांना कुबट वास येऊ लागला, आत काळी बुरशी धरली, आणि त्या टाकून द्याव्या लागल्या. गोधड्या आजही वापरात आहेत. कारण उघड आहे. गोधडीचे थर पातळ असतात, टाक्यांनी जागच्या जागी धरलेले असतात. त्यांतून पाणी निघते आणि वारा आरपार जातो. सहा बोटे जाडीच्या गादीच्या पोटात वारा पोचतच नाही. तेव्हापासून आमच्या घरात एका जाड गादीऐवजी दोन पातळ गाद्या एकावर एक घालतात. उचलावयास त्या सोप्या, आणि उन्हात टाकल्या की संध्याकाळपर्यंत सुकतात.

जपानात ही रीत पूर्वीपासून आहे. तेथे चटईसारख्या ‘तातामी’वर ‘फुतोन’ नावाची पातळ गादी अंथरतात आणि वर तशीच पांघरावयाची दुलई घेतात. सकाळी दोन्हींची घडी करून कपाटात ठेवली, की निजावयाची खोली बसावयाची होते. निरभ्र दिवशी तेथील घरांच्या सज्जांतून फुतोन वाळत घातलेले दिसतात. आमच्या किहीममधील वैशाखाचीच आठवण व्हावी!

पक्ष्यांनाही ही विद्या ठाऊक आहे. आमच्या गावाला याविषयी विशेष अभिमान वाटावा, असे एक कारण आहे. विख्यात पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनी १९३० च्या सुमारास किहीम येथे राहूनच सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा बारकाईने अभ्यास केला. घरटे विणतो तो नर. अर्धे विणून झाले, की मादी येऊन ते पारखते, आणि पसंत पडले तरच नर ते पुरे करतो. आतील अखेरचा हात मात्र पुष्कळदा मादीचा असतो. आइसलँडच्या थंड किनाऱ्यावरील आयडर नावाचे बदक आणखी पुढे जाते. मादी आपल्या छातीवरील मऊ पिसे उपटून घरट्यात अंथरते आणि अंड्यांवर पांघरतेही. पिले घरटे सोडून गेल्यावर तेथील शेतकरी ती पिसे गोळा करतात आणि त्यांच्या दुलया बनवितात. वजनाला हलक्या, परंतु हवा कोंडण्यात अद्वितीय, अशा त्या दुलयांचे मोल फार असते.

आता तुम्ही स्वतः अंथरूण घालाल तेव्हा काही गोष्टी ध्यानात ठेवा. गादीवरची चादर ताणून तिच्या कडा गादीखाली सारा. सुरकुती राहिली तर ती रात्रभर पाठीला टोचते. अंगाला लागणारा थर नेहमी सुती आणि वरचेवर धुता येईल असा असावा. लोकरीचे त्याच्या वर. थंडीत जसे वर पांघरूण हवे, तसे खालीही हवे. कारण अंगाखालची गादी दबलेली असते आणि तिच्यातून ऊब जमिनीत निघून जाते. नुसती पांघरुणे वाढवीत जाणाऱ्याला हे कळत नाही आणि तो पहाटे कुडकुडतो. मच्छरदाणीच्या कडा सर्वांत शेवटी खोचाव्या. सकाळी उठल्याबरोबर घाईने वळकटी बांधू नका; रात्रीची ओल आतच कोंडून राहील. पांघरुणे झटकून, थोडा वेळ पसरून ठेवा, आणि मग घडी घाला. रंगांचा विचारही अवश्य करा. गादीवर फिकी चादर, पायथ्याशी घडी करून ठेवलेली गडद सोलापुरी, आणि वर ठिगळांची गोधडी. एवढ्यानेही साधी खोली शोभिवंत दिसते. अभ्र्याच्या कोपऱ्यात दोन फुले भरावयाला फार शिवणकाम यावे लागत नाही, आणि ते मुलांनीही करावे. मी निवृत्त झाल्यावर शिकलो.

आजीची अखेरची गोधडी अजून माझ्याकडे आहे. तिचा वरचा थर तीन ठिकाणी विरला होता. गेल्या वैशाखात नातीने आणि मी मिळून त्यावर तिच्या जुन्या शाळेच्या गणवेशाचे निळे तुकडे लावले. टाके तिचे वाकडे आले आहेत आणि माझे त्याहून वाकडे. ती आता अंगणात, दोन पोफळींच्या मध्ये बांधलेल्या दोरीवर वाळते आहे. पश्चिमेकडे ढग दिसू लागले आहेत, तेव्हा ती काढून आत घ्यावी हे बरे.